गोष्ट सांगतो कोण?

आमच्या मराठी शाळांतून मुलांस गोष्ट सांगून झाली म्हणजे पुढले दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, गोष्टींत काय घडलें? दुसरा, या गोष्टीपासून बोध काय घ्यावयाचा? या दोहोंचीं उत्तरें पाठ झालीं कीं मास्तरहि मोकळे आणि मुलेंहि मोकळीं. परंतु तिसरा एक प्रश्न आहे, व तो या दोहोंच्या आधीं विचारला पाहिजे असें आमचें स्पष्ट मत आहे. तो प्रश्न हा कीं, ही गोष्ट सांगतो कोण, आणि तो कोठें उभा राहून सांगतो? कोर्टांत साक्षीदार उभा राहिला म्हणजे वकील त्यास पहिल्यानें हेंच विचारतो कीं, बाबा, तूं त्या वेळीं कोठें होतास आणि तेथून तुला दिसत होतें काय? बांधाच्या भांडणांत आपले अडाणी म्हणविले जाणारे शेतकरीदेखील हा प्रश्न विचारल्यावांचून कोणाची साक्ष मानीत नाहींत. मग छापील पुस्तकांतील गोष्ट तेवढी उलटतपासणीवांचून कां मानावी?

हा पंडितांचा सूक्ष्म वाद आहे अशी कोणाची समजूत होईल, म्हणून अगदीं पाळण्यांतल्या पोरास ठाऊक असलेली गोष्ट घेतों. कावळ्याचें घर शेणाचें, चिमणीचें घर मेणाचें. मोठा पाऊस येतो, शेणाचें घर वाहून जातें, मेणाचें टिकतें. कावळा भिजत भिजत चिमणीच्या दाराशीं येतो व हांका मारतो. चिमणी आंतून एकामागून एक कामें सांगते. बाळाचें न्हाणें आहे, बाळाचें जेवण आहे, बाळाला निजवावयाचें आहे. आणि दार कांहीं उघडत नाहीं. पुढें कोणी सांगतात कीं कावळ्यास आंत घेऊन चुलीजवळ बसविलें व तो भाजला. कोणी आणखी कांहीं सांगतात. शेवट कसाहि असो, ऐकणारें प्रत्येक पोर चिमणीच्या बाजूचें होतें. कां होतें? चिमणी गोजिरवाणी आणि कावळा काळा म्हणून, असें कोणी म्हणेल. तें थोडें खरें आहे. परंतु मुख्य कारण निराळें आहे. सांगणारा चिमणीच्या घरांत बसला आहे! बाळाचें न्हाणें, अंगडें, काजळ, तीट हें सारें आपणांस दिसतें, कारण सांगणाराची नजर आंत आहे. कावळा आपणांस दिसतच नाहीं. तो म्हणजे दारावरची एक थाप आणि एक हांक. त्याचीं पिल्लें होतीं काय, त्याच्या घरांतलें काय काय वाहून गेलें, हें सांगणारास ठाऊक नाहीं, कारण तो दाराबाहेर पाऊल टाकीतच नाहीं. (शेणानें सारवलेलें घर तर आपण जन्मभर पाहत आलों, मेणाचें घर कोणी पाहिलें आहे काय, हा प्रश्न वाचकांनीं स्वतःच्या मनाशीं विचारावा.)

येथें व्याकरण फसवितें. या गोष्टींत 'मी' हा शब्द सांगणाराच्या तोंडीं एकदांहि नाहीं. 'ती' चिमणी, 'तो' कावळा. म्हणजे पुस्तकी भाषेंत हें तृतीयपुरुषी निवेदन झालें, आणि तृतीयपुरुषी म्हणजे निःपक्षपाती अशी आपल्या मास्तरवर्गांत सर्रास समजूत आहे. ती टिकणारी नाहीं. बोलणारा एक असतो आणि ज्याच्या डोळ्यांनीं पाहिलें जातें तो दुसरा असूं शकतो. जेरार जेनेत या फ्रेंच विद्वानानें १९७२ सालीं 'बोलतो कोण' व 'पाहतो कोण' हे दोन प्रश्न वेगळे काढून दाखविले, तेव्हांपासून कथनशास्त्राच्या ग्रंथांतून हा भेद प्रसिद्ध आहे. तो समजावयास पॅरिसास जाण्याचें कारण नाहीं. चिमणीच्या दाराशीं उभें राहिलें म्हणजे पुरे.

आम्हीं सातवीच्या मुलांस एकदां तेंच काम दिलें. तोच पाऊस, तेंच दार, तींच उत्तरें. फक्त सांगणारानें बाहेर उभें राहावयाचें. एका मुलीच्या घराची मागली भिंत त्याच पावसाळ्यांत बसली होती. तिनें लिहिलें कीं, दाराच्या फटींतून ऊन पाण्याची वाफ बाहेर येत होती आणि कावळा तेथें चोंच लावून उभा होता. ती वाफ आम्हीं शिकविलेली नव्हती व कोणत्या पुस्तकांतहि नाहीं. दुसऱ्या एका मुलानें उलट केलें. त्यानें चिमणीसच 'मी' म्हणावयास लावलें आणि तिच्या तोंडून सांगितलें कीं, कावळे घरट्यांतलीं पिल्लें उचलून नेतात हें मला माझ्या आईनें सांगितलें आहे, मग मी दार कसें उघडूं? मूळ गोष्टींत चिमणीच्या वागण्याचें कारण कोठेंच सांगितलेलें नाहीं. या पोरानें तें शोधून काढलें. आतां दोघांत खरें कोणाचें? वर्गांत अर्धा तास भांडण झालें, आणि असें भांडण आम्हांस बोधवचनांच्या शंभर पाठांतरांपेक्षां मोलाचें वाटतें. तपासणीस आलेल्या एका साहेबांनीं त्या वह्या चाळून 'यांत तात्पर्य कोठें आहे?' असें विचारलें, ही गोष्ट निराळी.

वास्तविक आपल्या खेड्यांतील माणसास हा भेद नवा नाहीं. पैठणच्या एकनाथ महाराजांनीं सोळाव्या शतकांत भारुडें रचलीं. त्यांत ते कधीं जोशी होऊन बोलतात, कधीं गोंधळी होऊन, कधीं वासुदेव होऊन; आणि जोहाराच्या भारुडांत तर हा पैठणचा ब्राह्मण महाराच्या मुखानें बोलतो. भारूड उभें राहिलें म्हणजे पारावरच्या निरक्षर म्हातारीसहि कळतें कीं, रचणारा नाथ, सोंग घेणारा गांवचा अमका, आणि बोलतो तो महार. हे तिघे तीन आहेत. त्याच म्हातारीचा नातू शाळेंत जातो आणि प्रत्येक उत्तराच्या आरंभीं 'लेखक म्हणतो कीं' असें लिहितो. गोष्टींत चोर बोलला तरी लेखक म्हणतो, कुत्रा बोलला तरी लेखक म्हणतो! पारावर जें ज्ञान होतें तें शाळेच्या उंबऱ्याशीं गळून पडतें, याला काय म्हणावें?

आतां मोठ्या पुस्तकांकडे वळूं. मराठी कादंबरींत दोन यमुना आहेत, व त्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारख्या आहेत. बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं निघालें. त्यांतील यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करिते व वाटेंत विधवांचीं दुःखें पाहते. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून त्यांच्या 'करमणूक' पत्रांतून क्रमशः आली. तिची नायिकाहि यमुनाच. विषय दोहोंचा एक, उच्चवर्णीय घरांतील विधवेचे हाल. पण पहिली यमुना 'ती' आहे आणि दुसरी 'मी' आहे. पहिल्या पुस्तकांत सांगणारा यमुनेच्या मागें उभा राहून तिचें सारें जाणतो, आणि तिनें शेवटीं कोणत्या धर्मांत जावयाचें हेंहि त्यानें आधींच ठरविलें आहे असें वाचतांना वाटत राहतें. दुसऱ्या पुस्तकांत लहान यमू घरांतील वडील माणसांचें बोलणें ऐकते, तिला तें पुरतें कळत नाहीं, ती ऐकलें तसें सांगते, आणि न कळलेलें तें वाचकास मात्र कळून त्याच्या अंगावर कांटा येतो. सर्व जाणणारा सांगणारा ज्या ठिकाणीं चार पानें कळवळला असता, तेथें अजाण सांगणारी एका साध्या वाक्यानें काम भागविते.

आणखी एक बारकावा. ही यमू म्हणजे एक व्यक्ति नव्हे, दोन आहेत. जिनें सोसलें ती पोर, आणि पुढें सारें आठवून लिहिणारी विधवा. पोरीला पुढचें ठाऊक नाहीं, बाईला आहे. या दोन 'मीं'च्या मधल्या अंतरांत त्या कादंबरीचा जीव आहे. आणि ही लिहिणारा कोण, तर पंचविशी नुकती ओलांडलेला पुण्याचा एक पुरुष! 'ज्याचें दुःख त्यानेंच लिहावें, दुसऱ्यास अधिकारच नाहीं' असें जें आपल्या मंडळींपैकीं कांहींजण अलीकडे तावातावानें म्हणतात, त्यांनीं या उदाहरणाचा विचार करावा. आपटे आमच्या पक्षाचे नव्हते. परंतु त्यांनीं बाईच्या जागीं उभें राहून तिला तेथून दिसेल तेवढेंच पाहिलें, ही प्रामाणिक मजुरी आहे आणि मजुरीचे दाम दिलेच पाहिजेत.

आम्हां मास्तरांच्या जिव्हाळ्याचें पुस्तक म्हणजे व्यंकटेश माडगूळकर यांची १९५५ सालची 'बनगरवाडी'. माणदेशांतील धनगरांची वाडी; तेथें एक पोरसवदा मास्तर शाळा चालवावयास जातो, आणि तोच 'मी' म्हणून सारी हकीगत सांगतो. मेंढरें, कारभारी, आनंदा रामोशी, तालमीची इमारत, पुढें दुष्काळ आणि ओस पडलेली वाडी. सारें आपण या मास्तराच्या डोळ्यांनीं पाहतों. तो कोणाच्याहि मनांत शिरत नाहीं. त्यास जें दिसलें, जें कोणी येऊन सांगितलें, तेवढेंच. बाहेरून आलेल्या माणसानें गांवाविषयीं किती बोलावें याची मर्यादा या पुस्तकानें पाळली आहे, म्हणून तें खरें वाटतें. तरी एक प्रश्न उरतोच. कारभाऱ्याच्या अंजीच्या चोळीवरून गैरसमज होतो, मास्तरावर संशय येतो. त्यांत मास्तरास काय वाटलें तें आपणांस कळतें, अंजीस काय वाटलें तें कोण सांगणार? तीच हकीगत अंजीनें सांगितली असती तर मास्तर कसा दिसला असता? आम्ही खेडोपाडीं नोकऱ्या केलेले लोक. वाडी आमच्याकडे कशी पाहत असेल हा विचार या पुस्तकानें आमच्या मनांत एकदां घातला तो गेला नाहीं.

भाषेचाहि मामला आहे. ग्रामीण म्हणविल्या जाणाऱ्या पुष्कळ गोष्टींत सांगणारा शुद्ध पुस्तकी मराठी बोलतो, आणि गांवकरी तेवढे अवतरणचिन्हांच्या कुंपणांत कोंडून गांवठी बोलतात. वाचक अर्थातच सांगणाराच्या मांडीला मांडी लावून बसतो व कुंपणांतल्यांकडे पाहून हंसतो. थोर लेखकांनीं हें कुंपण मायेनें वापरलें आहे, हलक्या लेखकांनीं तमाशासारखें. कोणता लेखक कोणत्या प्रकारचा हें ओळखण्यास दुसऱ्या कशाची गरज नाहीं. सांगणारा कोठें बसला आहे तेवढें पहावें.

खांडेकरांच्या 'ययाति'विषयीं दोन शब्द. महाभारतांत ही कथा जनमेजयाच्या सर्पसत्रांत वैशंपायन सांगतो, आणि तेंच सारें पुढें नैमिषारण्यांत सौति शौनकादिकांस सांगतो. म्हणजे गोष्ट आपल्यापर्यंत येतांना दोन तोंडांतून गाळून येते. १९५९ सालच्या कादंबरींत खांडेकरांनीं हीं तोंडें बाजूस सारून ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांसच बोलावयास लावलें. राजा कबुली देतां देतां स्वतःस सोडवून घेतो. देवयानीचा राग तिच्या मुखानें ऐकला म्हणजे ती नुसती भांडकुदळ राहत नाहीं. आणि दासी झालेली राजकन्या बोलूं लागली कीं पहिल्या दोघांचेंहि सांगणें पुन्हां तपासावेसें वाटतें. ज्याच्या सांगण्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं अशा निवेदकास अमेरिकेंतील वेन बूथ यांनीं १९६१ सालीं शास्त्रांत नांव दिलें. आपल्याकडे तो दोन वर्षें आधीं हस्तिनापुरास राज्य करीत होता.

आतां ज्या कारणानें आम्हीं लेखणी उचलली त्याकडे येतों. शालांत परीक्षेच्या मराठीच्या पत्रिकेंत आत्मकथन लिहावयास येतें. नदीचें, झाडाचें, फाटक्या पुस्तकाचें येवो; त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. फाटकें पुस्तक कांहीं उठून 'मी असें बोललों नाहीं' असें म्हणणार नाहीं. परंतु शेतकऱ्याचें मनोगत येतें तेव्हां काय होतें पहा. बाजारांत मार्गदर्शिका मिळतात, त्यांत हा निबंध तयार असतो. त्यांतला शेतकरी आरंभींच आपण जगाचे पोशिंदे असल्याचें जाहीर करितो, काळ्या आईची सेवा करितो, हिरवें रान पाहून मोरासारखा नाचतो, निसर्गाच्या लहरीपणास दोष देतो आणि शेवटीं तरुणांस शेतीकडे वळण्याचा उपदेश करून हात जोडतो. वाचकहो, आपणांपैकीं कोणी असा शेतकरी बांधावर पाहिला आहे काय? हिरव्या रानाकडे पाहतांना शेतकऱ्याची नजर पहिल्यानें पानाच्या मागच्या बाजूस जाते, अळी आहे कीं काय हें पाहण्यास. मोर तर त्याचें पेरलेलें उकरून खातो!

हा निबंध लिहितो कोण? ज्याच्या बापाची दोन एकर जमीन आहे तो पोरगा. दुबार पेरणी म्हणजे काय, सोसायटीचें कर्ज नवेंजुनें कसें करितात, कांद्याची गाडी बाजारसमितींत नेऊन गाडीभाडेंहि न सुटल्यावर बाप घरीं येऊन काय बोलतो आणि काय बोलत नाहीं, हें सारें या पोरास ठाऊक आहे. तरी तो लिहितो पोशिंदा आणि मोर. त्यांत जागोजाग 'मी' आहे, म्हणजे व्याकरणानें हें प्रथमपुरुषी निवेदन आहे; परंतु सांगणारा शेतांत उभाच नाहीं, तो शहरांतल्या माडीच्या खिडकींत बसला आहे. चिमणीच्या गोष्टींत 'मी' नसतां सांगणारा घराच्या आंत होता. येथें 'मी' असतां तो शेताच्या बाहेर आहे. पोराच्या हातानें, पोराच्या शाईनें, त्याच्याच बापाच्या तोंडीं परका माणूस बोलतो, आणि त्याबद्दल पोरास गुण मिळतात.

शेजारच्या एका हायस्कुलांत सराव परीक्षेच्या वेळीं एका मुलानें याच निबंधांत लिहिलें कीं, रात्रीं दोन वाजतां लाईट येते, मी मोटार चालू करावयास जातों, वाटेनें काठी आपटीत चालतों आणि मोटारीच्या खोक्याचें दार उघडण्याआधीं बॅटरी मारून आंत साप नाहींना हें पाहतों. या ओळीखालीं तांबडी रेघ ओढून 'ग्रामीण शब्द टाळावेत, भाषा ओघवती हवी' असा शेरा मारलेला आम्हीं डोळ्यांनीं पाहिला. निबंधाच्या सबंध गठ्ठ्यांत ज्याचा सांगणारा शेतांत उभा होता असा एवढाच. त्या तांबड्या रेघेनें मुलगा काय शिकला? बाप जें बोलतो तें कागदावर उतरविण्याच्या लायकीचें नाहीं, हें शिकला. पुढल्या परीक्षेंत त्यानें मोर नाचविला असणार यांत आम्हांस शंका नाहीं.

ज्यांच्या पूर्वजांनीं यापेक्षां चांगलें करून ठेविलें आहे त्या समाजांत असें चालावें याचें अधिक वाईट वाटतें. जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' नाटक लिहिलें, त्यांत कुणबी फसविला जात असतां विदूषक बाजूस उभा राहून त्या फसवणुकीवर बोलतो. म्हणजे एक पाहणारा मुद्दाम तेथें नेमलेला आहे. १८७३ च्या 'गुलामगिरी'त व्याख्यान न देतां जोतीराव आणि धोंडीबा यांचें संभाषण घातलें आहे, व शंका विचारण्याचें काम धोंडीबाकडे आहे. आणि १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत, कारणें आणि आकडे यांच्या ऐन रगाड्यांत, दाद न लागतां निराश होऊन परतलेला एक शेतकरी स्वतःशींच बोलत असल्याचा भाग आहे. कर्ज कसें झालें, कोणाच्या लग्नांत किती गेलें, याचा तो मनाशीं हिशेब करितो. तो पोशिंदा नाहीं, मोरहि नाहीं. शेतकऱ्याचें मनोगत काय तें मराठींत पहावयाचें असेल तर तें तेथें आहे, आणि मार्गदर्शिकेपेक्षां स्वस्त मिळतें.

पुढील काळांत दया पवार यांनीं १९७८ सालीं 'बलुतं' लिहिलें तेव्हां नुसतें 'मी' म्हणून त्यांचें भागलें नाहीं. त्यांत दगडू मारुती पवार आपली हकीगत सांगतो व दया पवार ती ऐकतो. आणि माणूस तर एकच! शिकून शहरांत नोकरीस लागलेल्या माणसाची जागा आणि महारवाड्यांतल्या पोराची जागा एक राहिली नाहीं हें लपविण्याऐवजीं त्यांनीं तें पुस्तकाच्या दारावरच टांगलें. बेबी कांबळे यांच्या पुस्तकाचें नांवच 'जिणं आमुचं'. तें १९८६ सालीं ग्रंथरूपानें आलें. एका बाईनें आपलें आयुष्य सांगावयास बसावें आणि 'माझं' न म्हणतां 'आमुचं' म्हणावें, यांत सांगणाराची जागा एका शब्दांत ठरली. ती वस्तींत, बायकांच्या घोळक्यांत उभी राहून बोलते. हीं पुस्तकें मुलांस दाखवावीं. सबंध वाचण्याचें त्यांचें वय नसेल. तरी पहिलीं दोन पानें वाचून 'येथें बोलतो कोण, ऐकतो कोण?' एवढें विचारण्यास सातवींतलें पोरहि पुरेसें मोठें असतें.

परीक्षामंडळास आमची विनंति एवढीच कीं, आत्मकथनाचा प्रश्न ठेवावयाचा असेल तर तपासणारांस द्यावयाच्या सूचनांत एक ओळ घालावी: सांगणारास जें दिसूं शकतें तेंच त्यानें सांगितलें आहे काय, हें पाहून गुण द्यावेत, आणि बोलीचा शब्द ज्याच्या तोंडीं शोभतो त्याच्या तोंडीं आला असतां गुण कापूं नयेत. आमच्या शिक्षकबंधूंस यासाठीं मंडळाच्या हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आपल्या शाळेंत हें काम आम्हीं चालू केलें आहे. दिवाळीच्या सुटींत मुलांनीं घरच्या कोणा एका माणसाजवळ बसून त्याची एका दिवसाची हकीगत ऐकावयाची आणि ती त्याच्या जागीं उभें राहून लिहावयाची, असें ठरलें आहे. एकानें ऊस तोडणाऱ्या आपल्या आईची घेतली आहे, एकानें एस्. टी.च्या वाहकाची, आणि वर ज्या मुलीची वाफेची ओळ सांगितली तिनें पडलेली भिंत पुन्हां बांधणाऱ्या गवंड्याची. संपादक महाशयांनीं पुढील महिन्यांत अर्धा रकाना जागा दिल्यास त्यांतले तीन-चार लेख, आमचा हात न लावतां, जसेच्या तसे पाठवून देऊं.

— एक खेडवळ शिक्षक